कष्टाळू, मनमिळाऊ वगैरे

४ जून

प्रिय चिमे,

फोनवर काहीही सांगितलं की तू "बरं बरं" म्हणतेस आणि लगेच "मावशी कशी आहे?" असं विचारून विषय बदलतेस. म्हणून हे पत्र. पत्रात तुला मध्ये बोलता येणार नाही.

आई, म्हणजे तुझी मावशी, ठणठणीत आहे. काल शेजारणीला सांगत होती, "आमची भाची मोठी डॉक्टर आहे, माशांच्या कानांची." झालं, तो विषय संपला. आता माझा.

आमच्या विज्ञानसंस्थेचे यंदाचे पुरस्कार जाहीर करायची तयारी सुरू झाली. दोन असतात, तुला माहीतच आहे. एक पस्तिशीच्या आतल्यांसाठी, तरुण पुरस्कार, आणि दुसरा ज्येष्ठांसाठी, पदकाचा. मी इथली कार्यालय अधीक्षक, त्यामुळे नावं येतात ती माझ्या टेबलावर आणि समितीच्या बैठकीचं इतिवृत्त लिहायचं तेही मीच. जिन्यासमोर पितळी पाटी आहे, पदक मिळालेल्यांची. मी इथे लागल्यापासून तिच्यावर एकाही बाईचं नाव कोरलेलं नाही. दरवर्षी अध्यक्ष खांदे उडवून म्हणतात, "काय करणार, बायकांची नावंच येत नाहीत!" आणि ते खोटंही नाही. खरंच येत नाहीत. त्यामुळे भांडायचं तरी कुणाशी, हे कळत नाही, आणि त्यानेच माझं डोकं जास्त फिरतं.

तू नाव पाठव. मुदत सप्टेंबरअखेर आहे. मी मार्चमध्ये निवृत्त होतेय. जाण्याआधी त्या पाटीवर एक तरी नाव बघायचंय, आणि ते तुझं असलं तर मी ते कुणाची परवानगी न घेता पुसून लख्ख करीन.

तुझी,
ताई


१५ जून

ती. ताईस,

नको.

रागावू नकोस. पण नाव पाठवायचं म्हणजे काय गं? मी फार हुशार आहे हो, मला घ्या, असं स्वतःच म्हणायचं? आपल्या घरात कुणी असा हात पसरलेला मी पाहिला नाही. द्यायचं असेल तर त्यांनी आपणहून द्यावं. माझं काम त्यांच्यासमोर आहे. माशाच्या डोक्यात, कानाच्या जागी, तांदळाच्या दाण्याएवढे दोन खडे असतात. ते तासून पातळ केले की आत खोडासारखी वलयं दिसतात, आणि ती मोजून माशाचं वय कळतं. थंड समुद्रातल्या माशांत ती दिसतात. आपल्या उबदार पाण्यातल्या माशांत दिसतच नाहीत, असं पुस्तकांत छापलेलं होतं. मी तासायची पद्धत बदलली आणि तांबोशीच्या खड्यात ती दिसली. आज बंदरावर जाळ्याचा आस, म्हणजे त्याचं एकेक भोक, किती मोठा हवा हे ठरवतात ते त्या वलयांवरून. एवढं पुरे आहे. माझं काम बोलेल. नाही बोललं तर नाही बोललं.

शिवाय वेळ कुठे आहे? माझ्या बारकीचं टाक्यांमधल्या माशांवरचं काम संपत आलंय. बारकी म्हणजे माझी विद्यार्थिनी. उंचीवरून नाव पडलंय, जिभेवरून पडायला हवं होतं. रोज काहीतरी वाद उकरून काढते.

मावशीला सांग, मी कानांची आहे, पण तिचे तपासणार नाही.

चिमी


२४ जून

चिमे,

काम बोलत नाही. मी इतकी वर्षं फायली उघडतेय, एकाही फायलीतून काम बोलल्याचा आवाज मला आला नाही. बोलतात ती माणसं. आपल्याबद्दल बोलतात, नाहीतर आपल्याबद्दल दुसऱ्याला बोलायला लावतात.

तू ज्याला हात पसरणं म्हणतेस ना, ते इथे रोज होतं आणि त्याला कुणी ते नाव देत नाही. एक जण दर वर्षी स्वतःचं नाव स्वतः पाठवतो. नियमात बसतं ते. मागच्या खेपेला त्याच्याकडे दाखवण्यासारखं काहीच नव्हतं, म्हणून त्याने आपल्या पन्नाशीच्या समारंभाचे फोटो जोडले. मला हसू आलं, समितीला नाही आलं. "उत्साही माणूस आहे," म्हणाले. तूच सांग, तू अशी फोटोंची फाईल पाठवलीस तर तुला उत्साही म्हणतील का?

तुझ्या या मानी स्वभावाचं मला लहानपणी कौतुक वाटायचं. खेळताना कुणी बोलावल्याशिवाय तू यायची नाहीस, अंगणाच्या कडेला उभी राहायचीस. मीच तुझं मनगट धरून ओढत आणायची. आता या वयातही तेच करायचं का मी?

करीन. समजून अस.

ताई


९ जुलै

ताई,

तू आमच्या साहेबांना फोन केलास! "संस्थेच्या कार्यालयातून बोलतेय, पदकासाठी आपल्याकडून यंदा कुणाचं नाव येतंय?" तुझा तो सरकारी आवाज मला ठाऊक आहे. साहेब घाबरले असतील.

मला केबिनमध्ये बोलावलं. "अहो मॅडम, तुमची इच्छा आहे हे आधी सांगायचं ना! मला वाटलं, तुम्हाला असल्या गोष्टींत रस नाही."

"मी तसं कधी म्हटलं नव्हतं, सर."

"हो, पण तुम्ही कधी काहीच म्हणत नाही."

मग म्हणाले, "मला वेळ नाही. शिफारस तुम्हीच लिहून आणा, मी सही करतो."

मी लिहून नेलं. अर्धं पान. 'यांनी उबदार पाण्यातल्या माशांचं वय ओळखण्याची पद्धत शोधली.' साहेबांनी पेन काढलं आणि 'शोधली' खोडून लिहिलं, 'शोधण्यात मोलाचं सहकार्य केलं'. मी विचारलं, "कुणाला सहकार्य केलं, सर? त्या खोलीत मी एकटी होते." तर म्हणाले, "तसं नाही हो, वाचायला नम्र वाटतं." ताई, डोक्यात अशी तिडीक गेली! मी तिथेच उभी राहिले. शेवटी त्यांनी 'शोधली' परत लिहिलं, पण पानाच्या तळाशी स्वतःच्या हाताने एक ओळ घातलीच : 'हे सर्व त्यांनी घरसंसाराकडे जराही दुर्लक्ष न करता केले.' ते माझ्या घरी कधी आलेले नाहीत. आले असते तर असं लिहिलं नसतं.

पाकीट तुझ्या पत्त्यावर निघालंय. तू जिंकलीस. त्यातच बारकीचा तरुण पुरस्काराचा अर्ज आहे आणि तिच्यासाठी मी लिहिलेली शिफारस. तिचा अर्ज नीट जागेवर ठेव, गहाळ होऊ देऊ नकोस.

चिमी


२ ऑगस्ट

चिमे,

पाकीट मिळालं. दोन्ही फायली केल्या. तुझी करताना हात जरा जास्तच स्वच्छ धुतले.

आता जे लिहितेय ते नीट वाच, आणि वाचताना उठून जाऊ नकोस.

दोन वर्षांपूर्वी तू तुझ्या त्या पठ्ठ्या विद्यार्थ्याची शिफारस पाठवली होतीस, आठवतं? त्याला तरुण पुरस्कार मिळाला होता. ती फाईल माझ्याच कपाटात आहे. तू लिहिलं होतंस : 'अत्यंत प्रखर बुद्धीचा, स्वतंत्र विचार करणारा संशोधक. याच्या निष्कर्षांनी या विषयाची दिशा बदलू शकते.' आणि बारकीसाठी लिहिलंयस : 'कष्टाळू, मनमिळाऊ, शिस्तीची. प्रयोगशाळेत सर्वांना मदत करते. टाक्यांची स्वच्छता कटाक्षाने राखते. हिच्याबद्दल कुणाची तक्रार नाही.'

चिमे, तू समितीकडे शास्त्रज्ञ पाठवलीस की खानावळीला माणूस?

पठ्ठ्याने काय केलं होतं? तुझीच पद्धत दुसऱ्या एका माशावर वापरली होती. त्याने दिशा बदलली. आणि ही पोरगी? मला तुमचं शास्त्र कळत नाही, म्हणून तिचा अर्ज मी दोनदा वाचला. ती लिहिते, टाक्यांत वर्षभर ठेवलेल्या तांबोशीच्या खड्यात वर्षाला एक नाही, दोन वलयं पडली. म्हणजे आजवर आठ वर्षांचा समजलेला मासा चारच वर्षांचा असतो. हे खरं असेल तर ते फार मोठं आहे, एवढं माझ्यासारखीलाही समजतं. तुझ्या शिफारशीत त्याचा एक शब्द नाही. का?

आणि 'आजवर समजलेला' म्हणजे कुणी समजलेला?

ताई


६ ऑगस्ट

ताई,

तुला शास्त्र कळत नाही हे तूच लिहिलंस, ते बरं झालं. तू कारकून आहेस. आलेली पाकिटं फोड, फायली लाव. कुणी काय लिहावं हे ठरवायला समिती आहे.

चिमी


३० ऑगस्ट

ताई,

तू उत्तर पाठवलं नाहीस. रविवारी मी दोनदा फोन केला. दोन्ही वेळा मावशीने उचलला आणि "ती कामात आहे" असं सांगितलं. मावशीला खोटं बोलता येत नाही, मागून तुझा आवाज ऐकू येत होता.

मी लिहिलं ते फार वाईट होतं. ते मागे घेता येत नाही, म्हणून निदान खरं काय ते सांगते.

'समजलेला' म्हणजे मी समजलेली. वर्षाला एक वलय, हे मीच धरलं होतं. थंड समुद्रात तसंच असतं, म्हणून इथेही तसंच असणार असं मानलं, आणि ते तपासून पाहायचं राहून गेलं. बारकीला मी टाक्या दिल्या त्या माझंच म्हणणं पक्कं करायला. तिने माशांना एक औषध टोचलं. त्याची खूण खड्यात राहते आणि जांभळ्या दिव्याखाली चमकते. खुणेच्या पुढे वर्षभरात काय वाढलं ते मोजायचं, एवढंच. मार्चमध्ये तिने मला हाक मारली. मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

"मॅडम, दोन आहेत."

"परत मोज."

"परतच मोजलंय. सगळ्या माशांत दोन आहेत."

"तासताना चूक झाली असेल."

"तुमच्याच पद्धतीने तासलंय, मॅडम."

मी म्हटलं, छान, लिहून ठेव. आणि बाहेर येऊन धक्क्यावर जाऊन उभी राहिले. होड्या लागत होत्या, टोपल्या उतरत होत्या, आणि त्या प्रत्येक टोपलीतल्या माशाचं वय मी जगाला चुकीचं सांगितलं होतं.

तेव्हापासून मी तिच्याशी नीट वागले, अगदी नीट. तिचा निष्कर्ष दडपला नाही. तिच्या अर्जात तो आहे, तू वाचलासच. मी फक्त त्याच्याबद्दल बोलले नाही. तुझं पत्र आलं तेव्हा वाटलं, पकडले गेले. दुखावले होते म्हणून तसं लिहिलं.

पण ताई, ते तेवढंच नाही, आणि ही गोष्ट मला जास्त छळतेय. मी माझ्या जुन्या शिफारशी काढून बघितल्या. आधीच्या मुलींनी तर मला काही दुखावलं नव्हतं. त्यांनाही तेच शब्द आहेत. कष्टाळू, मनमिळाऊ. मुलगे प्रखर. मी हे कधी ठरवलं नव्हतं. हात आपोआप तसा वळत होता. साहेबांच्या पेनाकडे बघून मी संतापले, आणि माझ्या पेनातही तीच शाई.

नवीन शिफारस सोबत आहे. त्यात तिच्या स्वभावाबद्दल एक अक्षर नाही. तिने काय शोधलं, कसं शोधलं आणि त्यामुळे कुणाचं म्हणणं चुकीचं ठरलं, ते लिहिलंय. माझ्या नावासकट. जुनी काढून ही लाव.

यामुळे माझ्या पदकाचं काय होईल हे मला कळतं. तू सांगू नकोस.

चिमी


२० सप्टेंबर

चिमे,

आधी माझी तक्रार. मी कारकूनच होते, आणि कारकूनपणाच्या बळावरच इथवर आले. त्या शब्दाने मला लाज वाटत नाही. तू तो ज्या आवाजात उच्चारलास, त्याने वाटली. तो आवाज मी इथे बैठकीत ऐकते, पण तो तुझ्या तोंडून येईल असं वाटलं नव्हतं. झालं, बोलून मोकळी झाले. आई मात्र तुझ्यावर नाही, माझ्यावर चिडलीय, मी तिला खोटं बोलायला लावलं म्हणून.

आता माझंही ऐक. तुझी नवी शिफारस आली आणि मी ती दोन दिवस ड्रॉवरमध्ये ठेवली. लावलीच नाही. मनात म्हटलं, जुनीच असू दे. पोरगी तरुण आहे, तिला पुढे खूप संधी येतील. चिमीला ही एकच. समितीचे तेच चार जण दोन्ही फायली एकाच टेबलावर वाचणार, आणि एका फायलीतला कागद दुसरीचा गळा आवळणार. पुरुषांच्यातही दरवर्षी असे गोंधळ होतात, पण त्यांची नावं इतकी असतात की एक पडला तर दुसरा उभा असतो. आपल्याकडे पडायला दुसरी नाहीच. याचा मला इतका राग आला की टायपिस्टवर उगीचच ओरडले.

तिसऱ्या दिवशी लावली. तू सांगितलं होतंस म्हणून नाही. मला तुझी पाटीवरची अक्षरं पुसताना ड्रॉवर आठवला असता म्हणून.

ताई


२८ ऑक्टोबर

चिमे,

बैठक काल झाली. हे सगळं गोपनीय असतं आणि मी आजवर कधी एक शब्द बाहेर काढला नाही. आता काढतेय. मार्चमध्ये तसंही घरीच बसायचंय.

तरुण पुरस्कार बारकीला. चौघांचंही एकमत, फार वेळ लागला नाही. तुझी शिफारस अध्यक्षांनी मोठ्याने वाचली आणि म्हणाले, "वा, याला म्हणतात शोध." बघ, एका कागदाने काय होतं ते.

मग पदक. तुझी फाईल उघडली आणि रसायनवाले म्हणाले, "पण यांचे आकडे तर चुकले. त्यांनीच लिहून दिलंय." भूगर्भवाले म्हणाले, "शिवाय तरुण पुरस्कार त्याच प्रयोगशाळेत गेलाय. एका वर्षी दोन्ही बायकांना? लोक काय म्हणतील?"

मी मान खाली घालून लिहीत होते. मला बोलायची परवानगी नसते. पण तोंडातून निघून गेलं, "गेल्या वर्षी दोन्ही पुरुषांना दिले, तेव्हा लोक काही म्हणाले नव्हते, सर."

चौघे माझ्याकडे बघायला लागले, जणू टेबलच बोललं. आता एकदा तोंड उघडलंच होतं, म्हणून पुढचंही बोलले. आपल्या एका हवामानवाल्यांना पदक मिळालं ना, त्यांचंही अनुमान त्यांच्याच विद्यार्थ्याने चुकीचं ठरवलं होतं. तेव्हा याच समितीने नोंद केली होती, 'शिष्याला आपल्यापुढे जाऊ देणारा खरा गुरू'. ती नोंद माझ्याच हातची आहे. मी म्हटलं, "त्यांचं चुकलं तेव्हा ते गुरू झाले. यांचं चुकलं तर आकडे चुकले. आणि वलयं दिसतच नाहीत असं जग म्हणत होतं तेव्हा ती यांनी दाखवली. ती एक की दोन, हे मोजायचं पुढचं काम आहे."

अध्यक्ष म्हणाले, "बाई, तुम्ही इतिवृत्त लिहा."

"लिहितेच आहे, सर. तुमचं हे वाक्यही लिहिलं."

मला वाटलं, आता बाहेर काढतील. काढलं नाही. आणि मग ठरलं काय, माहितेय? यंदा पदक कुणालाच नाही. 'पदकाच्या दर्जाचे नाव आढळले नाही.' दुसऱ्या कुणाला द्यायला माझ्यासमोर त्यांना संकोच वाटला आणि तुला द्यायला हात धजेना. तुझ्यासाठी एक ओळ मात्र घातली आहे : 'मार्गदर्शिकेच्या मनाच्या मोठेपणाची समितीने नोंद घेतली.'

मी ती ओळ लिहिली. हाताने लिहिली, मनाने नाही.

ताई


१४ नोव्हेंबर

ताई,

मनाचा मोठेपणा! मी त्यांना पद्धत पाठवली, खडे पाठवले, छायाचित्रं पाठवली, आणि त्यांना दिसलं काय, तर माझं मन. हवामानवाल्यांच्या मनाचा आकार कुणी मोजला होता का?

परवा आमच्याकडे बारकीचा सत्कार झाला. साहेब भाषणात म्हणाले, "आमच्या संस्थेने मुलींना नेहमीच प्रोत्साहन दिलं." फोटोत ते मधोमध उभे. एक वार्ताहर आला होता. त्याने बारकीला विचारलं, "घरच्यांचा पाठिंबा होता का?" ती म्हणाली, हो. मग विचारलं, "लग्नाचं काय ठरवलंय?" ती म्हणाली, "माशांबद्दल विचारा ना." तर तो हसून म्हणाला, "विचारतो ना त्याबद्दलही." छापून आलं त्यात मासे नव्हते, तिचे केस होते, 'साधी वेणी घातलेली'.

सगळे गेल्यावर ती माझ्या खोलीत आली. समितीचं पत्र तिलाही गेलंय, त्यात ती मोठेपणाची ओळ आहे. म्हणाली, "मॅडम, हे काय आहे? चूक मान्य करणं हा मोठेपणा कसा? तुम्हीच शिकवलंत ना की आकडा चुकला तर बदलायचा?" मी म्हटलं, हो. "मग तुम्ही चिडत का नाही?"

ताई, मी चिडले होते, पण ते तिला दिसत नव्हतं. कुणालाच कधी दिसलं नसणार. म्हणून मी दार लावून घेतलं आणि तिच्यासमोर चिडले. मोठ्याने. साहेब, समिती, पितळी पाटी, सगळं काढलं. ती खुर्चीच्या कडेवर बसून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "हे असंच बाहेर का बोलत नाही तुम्ही?" आणि तू बैठकीत जे बोललीस ते मी तिला सांगितलं. तिला तुला भेटायचंय.

तू माझ्यासाठी टेबलावर जे केलंस, त्याबद्दल आभार मानायचे नाहीत असं ठरवून बसले होते. पण मानते.

चिमी


३ डिसेंबर

चिमे,

आता ऐक नवीन प्रकार. अध्यक्षांनी काल मला बोलावलं. फार गोड बोलत होते. म्हणाले, "बाई, तुमच्या बोलण्याचा आम्ही विचार केला. समितीत महिला सदस्य हवीच. तुमच्या बहिणीलाच बोलवू या." आपण नात्यात आहोत हे त्यांना कसं कळलं, कोण जाणे. मी काही लपवलं नव्हतं, कुणी विचारलंच नव्हतं.

क्षणभर मला आनंद झाला. जागेवर येऊन नियमांचं पुस्तक उघडलं. सदस्याचं नाव पदकासाठी विचारात घेता येत नाही. सदस्य असताना नाही, आणि नंतरही पाच वर्षं नाही. तोवर तूही निवृत्त होशील, आणि निवृत्तांना पदक देतच नाहीत. म्हणजे तुला मानाने खुर्चीत बसवायचं आणि तुझ्या नावाचा प्रश्नच मिटवायचा. त्यांनी हे मुद्दाम केलं की त्यांच्या लक्षातच नाही, हे मला खरंच सांगता येत नाही. तुझ्या हाताने जसं आपोआप लिहिलं जायचं, तसंच असेल.

दुसरी बाजूही सांगते. तू आत बसलीस तर पुढच्या बारकींच्या फायली तुझ्यासमोर येतील. आत कुणीतरी हवंच. मी जातेय. माझ्या जागी येणारा मुलगा चांगला आहे, पण तो बैठकीत पाणीसुद्धा विचारून पितो.

मी काही सुचवणार नाही. यावेळी मनगट धरून ओढणार नाही. तू ठरव.

ताई


१७ डिसेंबर

ती. ताईस,

तुझं पत्र आल्यापासून रोज वेगळं उत्तर ठरवत होते. प्रयोगशाळेत सगळ्यांना वाटलं, मी हो म्हणणार. साहेब तर अभिनंदनच करून गेले. "तुमच्या स्वभावाला शोभून दिसेल," म्हणाले.

मी अध्यक्षांना नाही म्हणून कळवलं. गोलगोल लिहिलं नाही. लिहिलं की सदस्य व्हायला मला आवडेल, पण पदक मिळाल्यावर. तोपर्यंत मी उमेदवार आहे. समितीत बाई हवीच असेल, तर पदकासाठी ज्यांच्या नावाचा विचार कधी होणारच नाही अशा इतर शास्त्रांतल्या निवृत्त बायका आहेत, आणि त्यांतल्या तिघींचे पत्ते खाली दिले. आता नावं येत नाहीत असं तरी कुणी म्हणू नये.

पुढच्या वर्षीसाठी माझं नाव मी स्वतः पाठवतेय. साहेबांची सही घेणार नाही. पुरस्कार मिळालेल्यांना शिफारस करता येते असं नियमांत दिसलं, म्हणून बारकीला विचारलं. तिने दोन दिवसांत लिहून पाकीट बंदसुद्धा केलं. मी म्हटलं, काय लिहिलंस ते दाखव तरी. तर म्हणते, "शिफारस गोपनीय असते, मॅडम."

तू नसशील तेव्हा ते पाकीट कोण फोडेल, कोण वाचेल, मला माहीत नाही. कदाचित पुन्हा 'दर्जाचे नाव आढळले नाही' असंच येईल. कदाचित त्या हवामानवाल्यांच्या धाकट्या भावाला मिळेल. मी त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा पाठवीन. बारकी म्हणते, तुम्ही असं करत राहिलात तर तुम्हाला हावरट म्हणतील. म्हणू देत. मोठ्या मनाची म्हणून घेऊन पाहिलं, त्यात काही हाताला लागलं नाही.

इतकी वर्षं मी सगळ्यांना सांगत आले की मला असल्या गोष्टींचं काही नाही. तुलाही जूनमध्ये तेच सांगितलं. ते खरं नव्हतं. ताई, मला ते पदक हवंय.

चिमी